६७, १००, १९: घरच्या बीअरचे तीन आकडे

नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेलं सत्त्व ज्यांच्या घरी बाळासाठी शिजलं आहे, त्यांना बीअरचं अर्धं शास्त्र आधीच ठाऊक आहे. साध्या नाचणीच्या पिठाची पेज घट्ट होते. मोडाच्या पिठाची पेज तितकंच पीठ घालूनही पातळ राहते आणि जरा गोड लागते. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं तयार होतात आणि ती स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करतात. बार्लीला असेच मोड आणून भट्टीत वाळवलं की झालं माल्ट. त्या माल्टचं गोड पाणी काढायचं, हॉप्स नावाच्या वेलाची फुलं घालून कडवट करायचं आणि यीस्टने आंबवायचं, म्हणजे बीअर.

जिन्नस चारच: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. बव्हेरियातल्या १५१६ सालच्या फर्मानात तर तीनच लिहिलेत. यीस्टचं नाव नाही, कारण आंबवतं कोण हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. ते नीट उलगडायला एकोणिसावं शतक आणि लुई पाश्चर यावे लागले. मग चार जिन्नसांत एवढे प्रकार कसे निघतात? एकीला केळ्याचा वास, दुसरीला संत्र्याच्या सालीचा, तिसरी कॉफीसारखी. थोडा वाटा माल्ट किती भाजलंय याचा, थोडा हॉप्सच्या जातीचा. पण तेच जिन्नस घेऊन एकाची बीअर सुरेख होते आणि दुसऱ्याची नेलपॉलिशसारखी वास मारते, ते बहुतेक वेळा थर्मामीटरमुळे. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाल्यापासून ताजी बीअर जागेवर बनवून देणाऱ्या जागा शहरात वाढल्या. तिथल्या काचेमागे चकाकणाऱ्या टाक्यांवरही तापमानाचे आकडे लावलेले दिसतात. घरी तेच काम एक पातेलं, एक बादली आणि थोडा धीर यांवर भागतं.

आधी कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं का असेना. तेव्हा हे वाचून उद्या कोथरूडच्या गॅलरीत बादली मांडू नका. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बीअरला मुभा दिली: दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लीटर, करमुक्त. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ साली गेली. परवान्याशिवाय विकायला मात्र दोन्हीकडे मनाई. म्हणून खालची कृती न्यू जर्सी, लंडन किंवा मेलबर्नच्या स्वयंपाकघरासाठी समजा. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिचा उपयोग समोरच्या ग्लासात काय आलंय ते ओळखायला.

सामान आणि मापं

पहिल्यांदा करताना १० लीटरच करा. बिघडली तर दहाच लीटर ओतावी लागते, आणि एवढं पाणी घरच्या शेगडीवर उकळतंही. प्रकार निवडूया पेल एल (एल म्हणजे १८ ते २० अंशांना आंबणारी बीअर): फिकट तांबूस, मध्यम कडवट, चुका थोड्याफार पोटात घालणारी.

२.२ किलो पेल माल्ट आणि २०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, दोन्ही भरडलेलं. हॉप्सच्या गोळ्या: मॅग्नम १० ग्रॅम, कॅस्केड ५५ ग्रॅम. एलच्या कोरड्या यीस्टचं एक पाकीट, साधारण ११ ग्रॅमचं. ते २० लीटरलाही पुरतं, पण अख्खं घातलं तरी हरकत नाही. पाणी १६ लीटर. २५ लीटरचं स्टीलचं पातेलं, त्यात मावेल अशी जाळीदार कापडाची पिशवी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत मोजणारी तरंगती काच), झाकणात एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी) बसवलेली १५ लीटरची खाद्यपदार्थांसाठीची बादली, सायफनची नळी, निर्जंतुक करायचं द्रावण.

पाणी दहाऐवजी सोळा का? २.४ किलो दाणा दोनेक लीटर पिऊन टाकतो, तासाभराच्या उकळीत तीनेक लीटर वाफ होऊन जाते, आणि लीटरभर गाळ तळाशी सोडावा लागतो. तुमच्या शेगडीवर वाफेचा हिशेब वेगळा निघेल. पहिल्या खेपेला मोजून लिहून ठेवा, पुढच्या वेळी आपलं माप आपल्याला कळलेलं असतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बीअरला दवाखान्याच्या पट्टीचा वास येतो, आणि तो नंतर कशानेच जात नाही. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते नुसतं रात्रभर भांड्यात ठेवून उडत नाही. सोपा उपाय कॅम्पडेनच्या, म्हणजे सल्फाइटच्या गोळीचा: १६ लीटरला पाव गोळी कुटून घाला, ढवळा. काही मिनिटांत दोन्हींचा बंदोबस्त होतो.

६७: साखर इथे ठरते

पाणी ७० अंशांपर्यंत तापवा, आच बंद करा, पिशवी पातेल्यात पसरा आणि माल्ट हळूहळू सोडा. पिठल्यात गुठळ्या मोडतो तसं ढवळत राहा. गुठळीच्या पोटातलं पीठ कोरडं राहतं आणि तेवढी साखर बुडते. थंड दाण्यामुळे तापमान तीनेक अंश उतरतं आणि मिश्रण ६७ वर येऊन थांबतं. यालाच मॅश म्हणतात. झाकण ठेवून पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळा आणि तासभर विसरून जा.

६७ का? दाण्यात दोन प्रकारची अमायलेज कामाला असतात. बीटा जातीला ६० ते ६५ अंश मानवतात. ती साखळीच्या टोकापासून माल्टोजचे छोटे तुकडे तोडते, आणि ते यीस्ट आवडीने खातं. अल्फा जातीला ६८ ते ७२ लागतात. ती साखळी मध्येच कुठेही तोडते, त्यातून मोठे तुकडेही राहतात, जे यीस्टला खाता येत नाहीत आणि बीअरला अंग देतात. ६३ वर मॅश केली तर बीअर हलकी, कोरडी होते. ७० वर केली तर भरीव, किंचित गोडसर. ६७ हा मधला मार्ग. ७७ च्या वर गेलात तर दोन्ही विकरं भराभर निकामी होतात, आणि ती पुन्हा जिवंत होत नाहीत. म्हणून चुकून ७३ दिसलं तर लगेच वाटी-वाटी गार पाणी घालत खाली आणा. उलट ६४ दिसलं तर घाबरू नका, पिशवी तळाला चिकटू न देता मंद आच द्या. आणि थर्मामीटर कडेला न धरता मधोमध धरा. एकाच पातेल्यात कड आणि मध्य यांत तीन-चार अंशांचा फरक सहज असतो.

साखर झाली का ते बघायला पांढऱ्या बशीत चमचाभर द्रव घ्या आणि टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च उरलाय, अजून पंधरा मिनिटं द्या. पिवळट-तपकिरीच राहिलं तर काम झालं. बशीतलं फेकून द्या, परत पातेल्यात ओतू नका.

पिशवी उचलून चाळणीवर निथळू द्या आणि झाऱ्याने दाबा. खाली राहतं ते गोड, चिकट, भुऱ्या रंगाचं पाणी म्हणजे वर्ट. पिशवीतला चोथा टाकू नका. त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर मिसळला तर छान खरपूस लागतो, फक्त टरफलं आधी मिक्सरमधून काढा.

साखर कमी आली असेल तर दहापैकी आठ वेळा गुन्हेगार भरड असते. दाणा फुटून आतलं पीठ मोकळं झालं पाहिजे, लापशीच्या रव्यासारखं. अख्खे दाणे दिसत असतील तर दुकानदाराला पुन्हा दळून द्यायला सांगा.

१००: कडवटपणा आणि वास

आता उकळी. वर्टला उकळी फुटते तेव्हा वर फेसाचा जाड थर चढतो आणि दुधासारखाच क्षणात उतू जातो. शेगडीवर सांडलेली साखर जळून जी बसते ती खरवडायला दुसरा दिवस जातो. पहिली दहा मिनिटं पातेल्यासमोरून हलायचं नाही. फेस चढला की आच कमी, वर गार पाण्याचा शिडकावा. झाकण अजिबात नको. माल्टमधून निघणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबर निघून जायला हवं. झाकण ठेवलंत तर ते थेंब होऊन परत पडतं आणि बीअरला शिजवलेल्या मक्याच्या कणसाचा वास राहतो.

हॉप्स म्हणजे एका वेलाची मादी फुलं. गोळी चिमटीत चुरडलीत तर बोटांना हिरवट चिकट भुकटी लागते आणि वास येतो: कॅस्केडचा ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा, इतर काही जातींचा गवती चहाच्या जवळ जाणारा. तिच्यात दोन गोष्टी असतात. अल्फा आम्लं उकळीत रूप बदलल्याशिवाय पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि कडूही लागत नाहीत, म्हणून त्यांना वेळ लागतो. सुगंधी तेलं मात्र उकळीत उडून जातात, म्हणून त्यांना वेळ द्यायचाच नाही. सगळं गणित यातून येतं: कडवटपणासाठी लवकर, वासासाठी उशिरा. फोडणीची मोहरी आधी आणि कोथिंबीर शेवटी, तसं.

मॅग्नम १० ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला. पन्नास मिनिटांनी कॅस्केड १५ ग्रॅम. साठ मिनिटं झाली की आच बंद, वर्ट ८० अंशांपर्यंत उतरू द्या आणि आणखी २० ग्रॅम घालून पंधरा मिनिटं नुसतं ठेवा. मॅग्नममध्ये अल्फा आम्लं १२ टक्के आणि कॅस्केडमध्ये ६ टक्के धरली तर यातून कडवटपणाचे साधारण ३५ ते ४० एकक येतात, पेल एलला शोभतील एवढे. पाकिटावरचा टक्का वेगळा असेल तर वजन त्या प्रमाणात बदला. घरात कुत्रा असेल तर हॉप्सचा गाळ त्याच्या तोंडाला लागणार नाही असा टाका. कुत्र्यांना तो विषारी असतो, त्यांचं अंग जीवघेणं तापतं.

हॉप्स दही-ताकवाल्या लॅक्टोबॅसिलसच्या जातीच्या जंतूंना आवरतात. इंडिया पेल एलची दंतकथा इथूनच निघाली: भारतात येताना बीअर नासायची म्हणून जास्त हॉप्सची नवी बीअर शोधली म्हणे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून अठराव्या शतकाच्या अखेरीस फिकट, भरपूर हॉप्सची बीअर मुंबई-कलकत्त्याकडे येत होती हे खरं. पण तशी बीअर इंग्लंडात आधीपासून होती, आणि पोर्टर नावाची काळी बीअरही त्याच समुद्रावरून भरभरून येत होती, गोऱ्या शिपायांसाठी. हॉजसनची भट्टी जहाजांच्या धक्क्याजवळ होती आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. धंद्याचं गुपित बहुतेक तेच.

आच बंद झाल्यापासून पुढे सगळं निर्जंतुक. घासणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. खरकट्या भांड्यावर कुठलंही द्रावण चालत नाही. आधी स्वच्छ घासा, मग न धुता वापरायचं आम्लाचं द्रावण बाटलीवरच्या मापाने करा आणि बादली, झाकण, नळी, चमचा, कात्री, सगळं त्यात दोन मिनिटं बुडवा. फेस राहिला तरी चालतो. कपडे धुण्याचं ब्लीच टाळा, पुन्हा तोच पट्टीचा वास.

वर्ट वीस अंशांपर्यंत लवकर उतरवायचा. सिंकमध्ये गार पाणी आणि बर्फ भरून पातेलं त्यात ठेवलं तर १० लीटरला पाऊण तास लागतो. पाणी एकदा-दोनदा बदलावं लागतं. तांब्याच्या नळीचं वेटोळं मिळालं तर पंधरा-वीस मिनिटांत होतं. मग गाळ मागे ठेवून बादलीत उंचावरून धार धरून ओता, फेस येऊ द्या. यीस्टला वाढायला प्राणवायू लागतो, आणि या सगळ्या प्रवासात हवा मिसळायची ही एकच वेळ.

हायड्रोमीटर टाकून आकडा टिपा: १.०५० च्या आसपास यावा. गोड पाण्यात काच जास्त वर तरंगते, एवढंच त्याचं तत्त्व. १.०४० आला तर सुमारे २७० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क थोड्या पाण्यात उकळून, गार करून मिसळा, दहा अंकांची तूट भरते.

१९: इथेच बहुतेकांची बीअर बिघडते

यीस्ट वर भुरभुरा, झाकण लावा, एअरलॉकमध्ये पाणी भरा. बारा ते चोवीस तासांत बुडबुडे सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर फेसाची तपकिरी गादी चढते.

विरजणाचं दूध कोमट लागतं, फार गरम झालं तर दही फाटतं. यीस्टचंही तसंच, फक्त त्याला कोमटही नको. एलच्या यीस्टला १८ ते २० अंश हवेत. आणि गोम अशी की आंबताना उष्णता बाहेर पडते: खोली २२ वर असेल तर बादलीच्या आत २५-२६ होतात. तापलेलं यीस्ट घाईघाईने खातं आणि जड अल्कोहोल, एस्टर सोडतं. घोट घेतला की घशात जळजळ, नाकात नेलपॉलिश. म्हणून खोलीच्या तापमानावर विसंबू नका. बादलीच्या अंगाला थर्मामीटरची पट्टी चिकटवा.

फ्रिज अडवायचा नसेल तर माठाची युक्ती. बादली पाण्याच्या टबात ठेवा, तिच्याभोवती जुना टी-शर्ट गुंडाळा, त्याची कड पाण्यात बुडेल अशी, आणि टेबलफॅन लावा. बाष्पीभवनाने कोरड्या हवेत चार-पाच अंश उतरतात. सकाळ-संध्याकाळ टबात गोठवलेल्या पाण्याची एक-एक बाटली टाका. पहिले चार दिवस एवढं सांभाळलं की जिंकलात. नंतर २१ पर्यंत चढू द्या, त्याने शेवट स्वच्छ होतो. ह्यूस्टन किंवा ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात हेही जमत नसेल तर पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांत जपलेलं क्वाइक यीस्ट घ्या. ते ३५ अंशांवरही सरळ चालतं, आणि वर संत्र्यासारखा वास देतं.

दहाव्या दिवशी उरलेलं २० ग्रॅम कॅस्केड झटकन टाका, झाकण बंद. तीन-चार दिवस पुरेत.

बुडबुडे थांबले म्हणजे झालं, हा सर्वांत महाग गैरसमज. झाकण सैल असलं तरी बुडबुडे थांबतात. हायड्रोमीटरच खरं सांगतो: दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे सारखे आले पाहिजेत, साधारण १.०१२. सुरुवातीच्या आकड्यातून हा वजा करा, १३१ ने गुणा: ०.०३८ गुणिले १३१, म्हणजे जवळजवळ ५ टक्के अल्कोहोल.

घरी केलेली म्हणजे विषारी, ही भीती आपल्याकडे हमखास निघते. बार्ली आंबवून मिथेनॉल नगण्य बनतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. मात्र ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे गाळून कडक दारू काढण्याच्या वाटेला कुठल्याही देशात घरी जाऊ नका. अमेरिका-ब्रिटनमध्येही ते परवान्याशिवाय बेकायदा आहे आणि आगीचा धोका वेगळाच.

बाटली

इथे तापमानापेक्षा वजनकाटा महत्त्वाचा. बीअर बाटलीत भरताना थोडी साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खातं, वायू बाहेर जाऊ शकत नाही, आणि तोच फेस होतो. लीटरला ६ ग्रॅम साधी साखर. बादलीतून नऊ लीटर निघत असेल तर ५४ ग्रॅम, कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, गार करून दुसऱ्या निर्जंतुक भांड्याच्या तळाशी ओता आणि वरून बीअर सायफनने शांतपणे येऊ द्या. नळीचं टोक तळाला टेकलेलं हवं, खळखळ नको. आता प्राणवायू शत्रू आहे: बीअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि हॉप्सचा वास आठवड्यात मरतो.

चमच्याने 'अंदाजे' साखर घालणाऱ्यांच्या आणि आंबणं संपायच्या आत बाटल्या भरणाऱ्यांच्या बाटल्या फुटतात. काच सुऱ्यांसारखी उडते, ही गंमत नाही. जाड काचेच्या, पत्र्याच्या बुचाच्या बाटल्याच घ्या, फिरकीच्या झाकणाच्या नकोत. रंग तपकिरी: हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून ऊन गेलं की हॉप्सचे कडू रेणू तुटून गंधकाचा कुबट वास येतो, कधी कधी अर्ध्या तासातही. गळ्यापासून दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडून बूच ठोका आणि दोन आठवडे वीसेक अंशांच्या अंधाऱ्या कपाटात ठेवा. लगेच फ्रिजमध्ये ठेवलीत तर यीस्ट झोपतं आणि बीअर गोड, सपाट राहते.

दोन आठवड्यांनी लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअॅसेटिल: यीस्टला काम पुरं करू दिलं नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला, तरी बहुधा तीच घाई. या दोन्हींवर आठवडाभर उबेत ठेवणं हा उपाय कधी कधी लागू पडतो. आंबट ताकासारखी झाली, किंवा बूच काढताच कारंजं उडालं, तर जंतू शिरलेत. बाकीच्या बाटल्याही हळू उघडून ओतून द्या आणि नळी नवी आणा. नळीच्या आतल्या ओरखड्यांत काय बसतं ते डोळ्यांना दिसत नाही.

प्यायला ग्लास कोरडा-स्वच्छ हवा. कडेला बुडबुड्यांचे पुंजके चिकटलेले दिसले तर तिथे तेल किंवा साबण राहिलाय, फेस टिकणार नाही. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. ४ अंशांवर जीभ बधिर होते, ८ ते १० वर कॅस्केडचा वास वर येतो. सोबत झणझणीत मिसळ नको. हॉप्सचा कडवटपणा तिखटाची आग आणखी भडकवतो. तळलेले बोंबील, शेंगदाणे चालतील.

ग्लास तिरपा धरून एका दमात ओता, कारण मध्ये थांबलात की तळाचा यीस्टचा पांढुरका थर उसळतो. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. गव्हाची बीअर असेल तर उलट: थोडी उरली की बाटली गोल फिरवायची आणि तो गढूळ तळही ग्लासात घ्यायचा.